पिंपातली फोड

लोणच्याचा कारखाना बघायला गेलात तर आधी मागचं पटांगण दाखवा म्हणून सांगा. पुढे दुकान असतं, मधल्या शेडमध्ये मोहरी-हिंगाचा घमघमाट असतो आणि तिथंच माणूस खूश होऊन परत फिरतो. पण त्या कारखान्याचं लोणचं कसं उतरणार, हे मागे ओळीनं उभ्या असलेल्या निळ्या पिंपांत महिनोन् महिने आधी ठरलेलं असतं. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला आम्ही जो छोटा कारखाना पाहिला, तिथं दोनशे लिटरची अशी साठेक पिंपं होती.

दिवस मुद्दाम जूनच्या पहिल्या आठवड्यातला घेतला होता. मृगाच्या तोंडावर कैरीची शेवटची मोठी आवक होते, म्हणून फोडणं, खारवणं, कालवणं आणि भरणं ही चारही कामं एकाच फेरीत बघायला मिळतात. दिवाळीच्या सुमाराला गेलात तर नुसतं धुणं, कालवणं आणि भरणं दिसेल. आधी फोन करून जावं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ गाडीतच ठेवावं आणि पायात पकड असलेले बूट घालावेत. मिठाचं पाणी आणि तेल एकत्र सांडलेल्या फरशीवर साधी चप्पल टिकत नाही.

पिंपं कशासाठी, ते आधी सांगायला हवं. लोणच्याची कैरी मिळते एप्रिलपासून मृगापर्यंत, फार तर जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस पडला की कैरी पाणी धरते, आतून पिवळी पडायला लागते आणि तिची फोड बरणीत मऊ होते. घरी आपण मेच्या शेवटी एकदाच लोणचं घालतो आणि वर्षभर खातो. कारखान्याला मात्र दर महिन्याला माल भरायचा असतो आणि बारा महिन्यांचं तेल, मसाला, बरण्या यांत एकदम पैसा अडकवणं छोट्या माणसाला परवडत नाही. म्हणून दोन वाटा होतात. काही कैरी लगेच मसाल्यात कालवून ताजी भरली जाते. उरलेली, आणि बहुतेक ठिकाणी हीच जास्त असते, मिठात खारवून पिंपात ठेवतात आणि मागणी येईल तशी काढून, धुऊन, मसाला लावून भरतात. दोन्ही बरण्यांवर एकच चिठ्ठी लागते. चव मात्र एक नसते.

कैरी उतरवून घेण्यापासून सुरुवात करू. टेम्पोतून वीस-वीस किलोचे क्रेट उतरत होते. काट्याशेजारी बसलेल्या मावशी प्रत्येक क्रेटमधून पाच कैऱ्या काढायच्या, मोठ्या अडकित्त्यात धरून उभ्या फोडायच्या आणि आतली बाजू उजेडाकडे करून बघायच्या. त्या तीन गोष्टी बघत होत्या. गर पांढरट हिरवा आहे ना, कोयीच्या कडेनं पिवळी रेघ तर आली नाही ना, हे पहिलं. पिवळी रेघ म्हणजे कैरी पिकायला लागली. दुसरं, कोय धरली आहे का. कवच कडक हवं पण पात्याला दाद देणारं हवं. कवच धरलंच नसेल तर फोडीला पाठीचा आधार राहत नाही आणि सहा महिन्यांत तिचा लगदा होतो. फार जून असेल तर पातं घसरतं, कवचाच्या चिरफळ्या उडतात आणि त्या पुढे कुणाच्या तरी दाताखाली येतात. तिसरं, देठाजवळ काळा डाग किंवा दबलेली जागा. वळवाच्या पावसात झाडाखाली पडलेली कैरी अशीच ओळखू येते. त्या दिवशी एका क्रेटमध्ये पाचातल्या दोन कैऱ्या आतून पिवळ्या निघाल्या आणि तो क्रेट बाजूला झाला. तो साखरांब्याला आणि तक्कूला जातो, लोणच्याला नाही.

जातीही बघून घेतात. राजापुरी मोठी, जाड गराची, रेषा कमी, तिची फोड चौकोनी पडते. गावठी कैरी जास्त आंबट, पण गर पातळ आणि दोरे जास्त. तोतापुरी कडक राहते, आंबटपणा मात्र बेताचा. या कारखान्यात राजापुरी आणि गावठी वेगवेगळ्या फोडून वेगवेगळ्या पिंपांत भरत होते. एकत्र केल्या तर गावठीची फोड आधी मऊ होते आणि तिच्यापायी सगळं पिंप खराब दिसतं.

कैरी धुवायच्या आधी देठाकडचा भाग कापून तासभर पाण्यात टाकतात, म्हणजे चीक निघून जातो. चीक तसाच राहिला तर फोडीच्या सालीवर तपकिरी डाग पडतात आणि लोणच्याला तुरटपणा येतो. मग पुसून फोडायच्या मशिनला. मशिन म्हणजे एकावर एक दाबणारी पात्यांची जाळी. वीस मिलिमीटरच्या फोडी पडतात, खाली चाळणीतून चुरा वेगळा होतो आणि पुढे बायका हातानं कोयीतला मऊ गर आणि कागदासारखा पापुद्रा काढून टाकतात. हा पापुद्रा राहिला तर लोणच्यात तो चिवट होऊन तरंगतो. घरी लोणचं घालणाऱ्यांनाही हे लागू आहे. मंडईत कैरी फोडून घेतली की घरी आणून प्रत्येक फोडीचा पापुद्रा काढायचा आणि फोड कोरड्या फडक्यानं पुसायची. तेवढा वेळ काढाच.

आता खारवणं. इथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो आणि थांबण्यासारखीच ती जागा आहे.

खारवायच्या दोन पद्धती आहेत. एक, मिठाचं पाणी करून त्यात फोडी बुडवायच्या. दुसरी, कोरडं मीठ लावून थर द्यायचे. पहिली सोपी दिसते आणि नवीन माणूस तिथंच फसतो. समजा, शंभर किलो फोडींवर १८ टक्क्यांचं मिठाचं पाणी शंभर किलो ओतलं. कैरीच्या फोडीत जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. चार-पाच दिवसांत फोडीतलं पाणी बाहेर येतं, बाहेरचं मीठ आत जातं आणि दोन्हीकडे सारखं होतं तेव्हा ते १८ टक्के राहत नाही, नऊ-दहावर आलेलं असतं. एवढ्या मिठात कैरी आठ-पंधरा दिवस चांगली दिसते आणि मग वर पांढरी साय धरते. माणूस म्हणतो, मी तर १८ टक्क्यांचं पाणी केलं होतं. केलं होतं, पण फोडीतल्या पाण्याचा हिशेब धरला नव्हता. या पद्धतीनं खारवायचं तर दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी मीठ वाढवत राहावं लागतं.

हा कारखाना कोरडं मीठ लावतो. शंभर किलो फोडींना वीस किलो मीठ आणि अर्धा किलो हळद. तळाला कमी मीठ, वर जाल तसं जास्त, कारण विरघळलेलं मीठ खाली बसतं. सगळ्यात वरच्या थरावर तर फोडी दिसेनाशा होतील इतकं. त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर दडपण. दडपण म्हणजे खाण्याच्या दर्जाच्या जाड पिशवीत भरलेलं मिठाचं पाणी. साधं पाणी का नाही, तर पिशवी कधी फुटलीच तर आतलं खारं पाणी पिंपात उतरून काही बिघडवत नाही. साधं पाणी उतरलं तर सगळं पिंप पातळ होईल. दुसऱ्या दिवशी तळाला फोडींचंच पाणी सुटलेलं दिसतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते जाळीच्या वर येतं. आलं नाही तर तेवढ्याच खाराचं पाणी करून घालतात. पहिला आठवडा झाकण सैल ठेवतात. थोडं आंबणं चालू असतं, वायू निघतो आणि झाकण घट्ट केलं तर पिंपाचं पोट फुगतं.

हिशेब सोपा आहे. शंभर किलो फोडी आणि वीस किलो मीठ मिळून १२० किलो, त्यात मीठ वीस, म्हणजे साडेसोळा-सतरा टक्के. मोजायला सॅलोमीटर वापरतात. काचेची नळी, खाली वजन, वर आकड्यांची पट्टी. मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारं पाणी, म्हणजे साधारण २६ टक्के, ते पट्टीवर १००. पंधरा टक्क्यांना ती ५७ च्या आसपास उभी राहते. आमच्यासमोर तीन पिंपांत नळी सोडली. दोन ठिकाणी ती साठीच्या वर स्थिर राहिली. तिसऱ्यात चाळिशीपर्यंत बुडाली.

ते तिसरं पिंप पटांगणाच्या कडेला, पत्र्याच्या पन्हाळीखाली होतं. आदल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला होता आणि झाकणाच्या कडेनं पाणी आत उतरलं होतं. पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, ते खाली मिसळत नाही, वरच थर धरून राहतं. म्हणून वरून नळी सोडली तर आकडा कमी आणि तळातून पाणी काढून मोजलं तर बरोबर. वरच्या वीतभर फोडी अंगठ्यानं दाबल्या की सालीपासून गर सुटत होता. खालच्या फोडी कडक होत्या. सुपरवायझर ताईंनी वरचा थर काढून टाकायला लावला, राहिलेलं उकळलेल्या खाऱ्या पाण्यानं भरायला सांगितलं आणि पिंपाच्या चिठ्ठीवर तारीख घालून तसं लिहून ठेवलं. प्रत्येक पिंपाला अशी चिठ्ठी होती: कैरीची जात, वजन, मीठ, खारवल्याची तारीख आणि पुढच्या तीन मोजण्या. कुठल्याही कारखान्यात गेलात तर या चिठ्ठ्या वाचा. चिठ्ठीच नसेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

काळ्या फोडींचं कारणही इथंच सापडतं. कैरीत तुरट द्रव्य असतं, त्याला लोखंड लागलं की काळं पडतं. मिठातली घाण, बोअरचं लोह असलेलं पाणी, गंजकं घमेलं, यांतलं काहीही पुरतं. पिंपाच्या झाकणाभोवती जो पत्र्याचा पट्टा आवळतात तो मिठाच्या वाफेनं गंजतो आणि त्याचा थेंब आत पडतो. इथं त्यांनी ते पट्टे काढून झाकणं सुतळीनं आणि वर प्लास्टिकच्या कापडानं बांधली होती, आपण बरणीला दादरा बांधतो तशी. स्टेनलेस स्टीललाही मीठ सोडत नाही. नेहमीच्या ३०४ नंबरच्या स्टीलच्या भांड्यात खारं पाणी साठवलं की काही महिन्यांत बारीक खड्डे पडतात. ३१६ नंबरचं टिकतं पण महाग, म्हणून खारवायला प्लास्टिकचंच पिंप बरं.

फोड कडक राहावी म्हणून काही जण खारवतानाच थोडं कॅल्शियम क्लोराइड घालतात. फोडीला घट्टपणा देणाऱ्या पेक्टिनला ते धरून ठेवतं. प्रमाण चुकलं की कडवट लागतं. ज्यांची कैरी मुळात कडक आणि मीठ पुरेसं आहे, त्यांना त्याची फारशी गरज पडत नाही असं आमचं मत आहे.

आता मागच्या वर्षीच्या पिंपातली फोड. ती तशीच मसाल्यात घालता येत नाही, इतकी खारट असते. तिचं मीठ उतरवावं लागतं. शंभर किलो फोडी शंभर लिटर साध्या पाण्यात रात्रभर ठेवल्या की मीठ फोडीत आणि पाण्यात वाटलं जातं, साधारण निम्मं निम्मं. सतरा टक्क्यांची फोड साडेआठ-नऊवर येते. पाण्यात सॅलोमीटर सोडायचा. आकडा चढायचा थांबला की फोडीतलं आणि पाण्यातलं मीठ एक झालं असं समजायचं. दुसरं पाणी बदललं तर आणखी निम्मं.

पण मिठाबरोबर आंबटपणाही निघून जातो. कैरीतलं आम्लसुद्धा पाण्यातच विरघळतं, तेही तितक्याच मोजानं बाहेर येतं. कैरीचा वासही जातो. म्हणून खारवलेल्या फोडीच्या लोणच्यात वरून सायट्रिक किंवा अॅसेटिक आम्ल घालावं लागतं. यात लबाडी काही नाही, ते घातलं नाही तर माल टिकणार नाही. पण ते का घालावं लागतं हे गिऱ्हाइकाला माहीत असायला हवं. चांगला कारखाना एकाच पाण्यावर थांबतो, नऊ टक्क्यांची फोड तशीच घेतो आणि मसाल्यातलं मीठ तेवढं कमी करतो. घाई असलेला कारखाना दोन-तीन पाणी बदलून फोड बेचव करून टाकतो आणि मग सगळी चव मसाल्यातून आणि आम्लातून उभी करतो.

या धुण्याच्या पाण्याचं काय करता, हा प्रश्न जरूर विचारा. शंभर किलो फोडींमागे शंभर लिटर पाणी आणि त्यात आठ-नऊ किलो मीठ. हे बांधावर सोडलं तर जमीन खारवते, विहिरीपर्यंत जातं आणि शेजारच्या अंजिराच्या बागेला ते भोगावं लागतं. पुरंदरसारख्या पाण्याला महाग असलेल्या तालुक्यात तर हा गुन्हाच म्हणावा. इथं पहिलं पाणी गाळून, उकळून पुढच्या खारवणीत घेतात आणि उरलेलं उथळ सिमेंटच्या टाक्यांत उन्हात आटवतात. पावसाळ्यात टाक्या आटत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धुण्याचं काम बेतानंच काढतात.

धुतलेली फोड निथळून पिळणीच्या मशिनमध्ये घालतात. कपडे पिळायच्या मशिनसारखीच भोकांची टोपली गरगर फिरते. मग जाळीच्या ट्रेवर पंख्याखाली दोन-तीन तास. फोडीला हात लावला तर ओला होता कामा नये.

मसाल्याची खोली वेगळी आणि कोरडी होती, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. आपल्याकडे जून लागला की ते होतंच, म्हणून मिठाच्या गोण्या लाकडी फळ्यांवर आणि तोंडं बांधून. शंभर किलो ताज्या फोडींना त्यांचं प्रमाण असं: मीठ १७ किलो, मोहरीची डाळ १०, तिखट ८, हळद २, मेथी २, हिंग १ किलो, तेल २५ किलो. सगळं मिळून १६५ किलो. फोडी त्यात साठ टक्क्यांच्या जरा वर, मीठ दहा टक्क्यांच्या आसपास, तेल पंधरा टक्के. तेलातल्या लोणच्यात निथळलेलं वजन किमान ६० टक्के आणि वर अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर किंवा एकूण किमान १० टक्के तेल, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. खारवलेल्या फोडी असतील तर मीठ ८ किलोवर येतं, बाकी तेच.

मोहरीची डाळ भरडच हवी. मोहरीचा झणका कोरड्या डाळीत नसतो, तो ओल लागल्यावर तयार होतो. डाळीतलं एक विकर (एन्झाइम) पाण्याशी जागं होतं आणि तिखट वास सोडतं. गरम तेल डाळीवर पडलं तर ते विकर मरतं, झणका कायमचा जातो आणि कडवटपणा उरतो. म्हणून फोडणीचं तेल पूर्ण गार झाल्याशिवाय मसाल्याला लावायचं नाही. इथं सकाळी सहाला फोडणी करतात आणि दुपारी तीननंतर कालवतात. हिंग तेल उतरवल्यावर, ते जरा निवल्यावर पडतो, नाहीतर जळून वास उडतो. मेथी थोड्या तेलात बदामी होईपर्यंतच. एक घाणा काळपट झाला तर तो टाकून द्यायचा, अख्ख्या दीडशे किलोला कडू करायला तेवढा पुरतो. तिखटात ब्याडगी रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटपणासाठी. मिरची अख्खी विकत घेऊन इथंच कुटतात. तयार पूड घेतली तर रंगाची भेसळ ओळखणं अवघड जातं.

हिंगाबद्दल एक गोष्ट. बांधानी, म्हणजे पीठ मिसळून बांधलेल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचा स्टार्च असतो. घरात कुणाला गहू चालत नसेल तर लोणच्याच्या चिठ्ठीवर ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा उल्लेख शोधावा.

कालवणं आडव्या ड्रममध्ये होतं. फोडी आधी, त्यावर मीठ-हळद, दहा मिनिटांनी मसाला, शेवटी निम्मं तेल. ड्रम मिनिटाला दहा-बारा फेऱ्यांनीच फिरवतात. जोरात फिरवला की फोडीच्या कडा झिजतात आणि खार गढूळ होतो. कालवलेलं लोणचं लगेच बरणीत जात नाही. मोठ्या पिंपात आठ ते दहा दिवस मुरतं, दर दिवसाआड तळापासून वर हलवतात. या दिवसांत मोहरीची डाळ फुगते, तेल आणि फोडींचं पाणी पिते, फोडी थोड्या आकसतात. हे होण्याआधीच भरलं तर बरणीत भरताना वर दिसणारं तेल दुकानात जाईपर्यंत गायब होतं आणि वरच्या फोडी उघड्या पडतात. बुरशी तिथूनच सुरू होते. बाजारातल्या अनेक बरण्यांत वरचा बोटभर भाग सुका दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, मुरायला दिवस दिलेले नसतात.

लिंबाचं गणित निराळं. लिंबू मिठात महिना-दीड महिना राहिल्याशिवाय साल मऊ होत नाही आणि कडवटपणा उतरत नाही, म्हणून खारवलेलं लिंबूच चांगलं. मिरची आणि मिश्र लोणच्यात भाज्यांना स्वतःचा आंबटपणा नसतो, तिथं लिंबाचा रस किंवा आम्ल घालून सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली न्यावाच लागतो, नाहीतर घातक जंतू वाढण्याचा धोका असतो. गाजर-फ्लॉवर घालून घरी लोणचं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

भरण्याच्या टेबलावर चार जणी होत्या. बरण्या उलट्या करून गरम हवेनं वाळवलेल्या. एकजण चमच्यानं फोडी मोजून घालते, दुसरी खार, तिसरी वरून तेल, चौथी बरणीचं तोंड कोरड्या कापडानं पुसते. पुसायचं काम सगळ्यात जपून. तोंडाला तेल राहिलं तर आतलं चंदेरी सील नीट चिकटत नाही आणि खोक्यात बरणी गळते. शेवटी त्या बरणी उचलून झाकणाची आतली बाजू उजेडात बघतात. लोणचं कोमट असताना झाकण लागलं तर आत वाफ धरते, गार झाल्यावर तिचा मोत्याएवढा थेंब होतो आणि तेलाच्या थरावर पडतो. आम्हाला दाखवायला त्यांनी अशी एक बरणी ठेवलीच होती, तीन आठवड्यांची. बाकी सगळा माल लाल, चकचकीत. जिथं थेंब पडला तिथं बरोबर रुपयाएवढं करडं वर्तुळ.

मग दुकान. कारखान्याला लागून, रस्त्याच्या बाजूला. मांडणीत एक चांगली गोष्ट दिसली: बरण्या उन्हाच्या बाजूच्या काचेत लावलेल्या नव्हत्या. ऊन लागलं की तेल खवट होतं आणि तिखटाचा रंग उडतो, सोयाबीन किंवा करडईचं तेल असेल तर आणखी लवकर. महामार्गावरच्या कित्येक दुकानांत शोभेसाठी बरण्या उन्हात मांडलेल्या असतात. त्या पुढच्या बरण्या घेऊ नयेत, मागच्या मागाव्यात. सुटं लोणचं घेणार असाल तर ओगराळं कुठं ठेवतात ते बघा. ते पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलेलं दिसलं तर सुटं घेऊ नका.

बरणीवरचे दोन-तीन तपशील वाचले की बरंच कळतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणून कैरी पहिली हवी. अन्नसुरक्षेचा नंबर १४ आकडी असतो. आणि कैरीच्या लोणच्यात २६० (अॅसेटिक) किंवा ३३० (सायट्रिक) नंबरचं आम्ल छापलेलं असेल तर ती फोड बहुतेक पिंपातून, पाण्यातून आलेली आहे. कैरीला वरून आंबटपणा लागण्याचं दुसरं कारण सहसा नसतं. उत्पादनाची तारीख जून-जुलैची आणि आम्लाचा उल्लेख नाही, अशी बरणी मिळाली तर ती ताज्या फोडीची समजायला हरकत नाही. फेब्रुवारीची तारीख असेल तर विचारावं, कारण जूनमध्ये कालवून पिंपात मुरवलेलं लोणचंही काही जण नंतर भरतात. इथल्या ताईंनी न विचारताच सांगितलं, "डावीकडचं यंदाचं ताजं आहे, उजवीकडचं खारवलेलं. दोन्हींत तीस रुपयांचा फरक आहे आणि तो कैरीचा आहे, बाटलीचा नाही."

दोन्ही घेतली आणि तिथंच चाखून बघितली. मसाला लागलेली फोड चाखून फरक कळत नाही, जीभ तिखट-हिंगातच अडकते. फोड पाण्यानं स्वच्छ धुवायची आणि मधोमध चावायची. डावीकडची फोड कोयीपर्यंत आंबट होती, कडेला अजून हिरवी, आणि तुटताना आवाज आला. उजवीकडची कडेला आंबट, आत गेल्यावर नुसती खारट.